शर्यतीच्या मैदानावरील वैद्यकीय व्यवस्था : आधी बाहेर पडण्याचा रस्ता

एका तरुण डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या जिल्ह्याच्या गावाबाहेर, मोकळ्या माळावर, एप्रिल महिन्यात दोन दिवसांची सुपरक्रॉस शर्यत (मातीच्या ट्रॅकवर उंचवट्यांवरून उड्या मारत होणारी, मुख्यतः दुचाकींची) भरणार आहे. साठ-सत्तर स्पर्धक उतरतील आणि रोज पंधरा ते वीस हजार प्रेक्षक येतील, असा आयोजकांचा अंदाज आहे. आयोजकांनी या डॉक्टरांच्या रुग्णालयाकडे ‘दोन ॲम्ब्युलन्स आणि एक डॉक्टर’ मागितले आहेत. एवढ्यावर होकार द्यावा का, आणि द्यायचा नसेल तर नेमके काय मागावे, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. गेली सोळा वर्षे आपत्कालीन विभागात काम करते आणि या काळात मातीच्या ट्रॅकवरील शर्यती, घाटातील रॅली आणि पक्क्या सर्किटवरील काही शर्यती यांत वैद्यकीय अधिकारी म्हणून उभी राहिले आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की, एवढ्यावर होकार देऊ नका. पण ॲम्ब्युलन्सची संख्या दोनाची चार करून घेऊन समाधानही मानू नका. रुग्णवाहिका किती, हा दुसरा प्रश्न आहे. जखमी माणूस पडलेल्या जागेपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत कोणत्या रस्त्याने जाणार, आणि तो रस्ता बंद असेल तर शर्यत थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा पहिला. याचे लेखी उत्तर आयोजकांकडून मिळाले की बाकीची मागणी सोपी होते.

हा आग्रह माझ्या एकटीचा नाही. या क्षेत्राने तो फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. 10 सप्टेंबर 1978 रोजी मोंझा येथे इटालियन ग्रां प्रीच्या सुरुवातीलाच बऱ्याच गाड्या एकमेकींवर आदळल्या. रॉनी पीटरसन या स्वीडिश चालकाला सहकारी चालकांनी जळत्या गाडीतून बाहेर काढले. त्याचे दोन्ही पाय गंभीररीत्या मोडले होते, पण तो शुद्धीवर होता. फॉर्म्युला वनच्या वैद्यकीय जबाबदारीवर त्याच वर्षी नेमले गेलेले मेंदूशल्यविशारद सिड वॉटकिन्स धावत घटनास्थळाकडे गेले, तर पोलिसांच्या साखळीने त्यांनाच अडवले. रुग्णवाहिका यायला सुमारे 18 मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी पीटरसनचा फॅट एम्बोलिझमने, म्हणजे मोडलेल्या हाडांतली चरबी रक्तवाहिन्यांत अडकल्याने, मृत्यू झाला. त्यानंतर वॉटकिन्स यांनी आयोजकांपुढे अटी ठेवल्या, आणि त्या मोसमाच्या पुढच्याच शर्यतीपासून पहिल्या फेरीत स्पर्धकांच्या मागोमाग डॉक्टर बसलेली वैद्यकीय गाडी धावू लागली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्या दिवशी डॉक्टर हजर होते आणि रुग्णवाहिकाही हजर होती. कमी पडली ती वाट, आणि त्या डॉक्टरला वाट द्यायची आहे हे माहीत असलेला पोलीस.

11 जून 1955 रोजी फ्रान्समधील ल मान्स येथील शर्यतीत पिएर लेव्हेघ या चालकाची मर्सिडीज प्रेक्षकांत फेकली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली, तरी शर्यत चालूच ठेवण्यात आली. शर्यत थांबवली तर घरी निघालेल्या लाखो लोकांनी रस्ते भरून जातील आणि रुग्णवाहिका अडकतील, असे कारण आयोजकांनी दिले. ते कारण पुरेसे होते का, यावर आजही वाद आहेत. मला त्यातून एवढेच दिसते की जखमींचा रस्ता आणि प्रेक्षकांचा रस्ता एकच होता. आपल्याकडच्या माळरानावर परिस्थिती नेमकी हीच असते : मुख्य रस्त्यापासून माळापर्यंत एकच कच्ची वाट, तिच्या दोन्ही कडांना दुचाक्यांच्या रांगा, मधोमध उसाच्या रसाचा गाडा.

एका घाटातील रॅलीत मी स्वतः हे भोगले आहे. एका वळणावर गाडी दरीकडच्या बाजूला कलंडली आणि सहचालकाच्या मांडीचे हाड मोडले. आम्ही चार मिनिटांत त्याच्यापाशी होतो, ट्रॅक्शन स्प्लिंट (मोडलेला पाय ताणून सरळ धरणारी पट्टी) लावली, वेदना आटोक्यात आणल्या, त्याला रुग्णवाहिकेत घेतले आणि वाडीच्या तोंडाशी येऊन थांबलो. शर्यत बघायला आलेल्यांनी अरुंद रस्त्यावर आडव्यातिडव्या मोटारसायकली लावल्या होत्या आणि त्यांचे मालक वर डोंगरावर होते. गावातल्या पोरांनी एकेक गाडी उचलून बाजूला ठेवली तेव्हा वाट झाली. त्यात 11 मिनिटे गेली. रुग्णाच्या पोटात रक्तस्राव नव्हता म्हणून ती 11 मिनिटे निभावली. त्या संध्याकाळपासून मी कोणत्याही आयोजकाशी पहिली चर्चा पार्किंगच्या नकाशावर करते.

म्हणून शर्यतीच्या आधी एक दिवस, ज्या रुग्णवाहिका प्रत्यक्ष उभ्या राहणार आहेत त्यांपैकी सर्वांत मोठीत चालकाशेजारी बसून ट्रॅकच्या सगळ्यांत दूरच्या टोकापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत स्वतः जाऊन या. फाटकातून गाडी आरशांसकट निघते का, मातीच्या उतारावर चाक फिरते का, परत वळायला जागा आहे का, हे नकाशावर कळत नाही. वैद्यकीय फाटक प्रेक्षकांच्या फाटकापासून वेगळे हवे, त्याला कुलूप असेल तर किल्ली घेऊन तिथेच बसणारा माणूस नेमलेला हवा आणि त्याला जेवायला सोडायला दुसरा माणूस हवा. बाहेरच्या रस्त्याची एक बाजू पूर्ण मोकळी राहील अशी लेखी व्यवस्था वाहतूक पोलिसांकडून करून घ्या. नुसत्या ‘नो पार्किंग’च्या पाट्यांनी ती राहत नाही, दोरी आणि दोरीपाशी उभे स्वयंसेवक लागतात. बंदोबस्तावरील पोलिसांना तुमच्या पथकाचे जाकीट सकाळच्या हजेरीच्या वेळीच दाखवून ठेवा.

आता शर्यत थांबवण्याच्या अधिकाराविषयी. आपल्याकडे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेच्या मान्यतेने होणाऱ्या शर्यतींत मुख्य वैद्यकीय अधिकारी हे पद असते आणि शर्यत चालवणारा प्रमुख अधिकारी, ज्याला क्लर्क ऑफ द कोर्स म्हणतात, तो त्या अधिकाऱ्याशी बोलूनच पुढे जातो. मान्यतेशिवाय भरणाऱ्या स्थानिक शर्यतींत असे काही नसते. म्हणून आयोजक कोणत्या मान्यतेखाली शर्यत घेत आहेत, हे आधी विचारा आणि मान्यता नसेल तर नकार द्या. मान्यता असली तरी तुमच्या पत्रात एक वाक्य स्पष्ट असू द्या : ठरलेली वैद्यकीय व्यवस्था जागेवर नसेल तोपर्यंत एकही गाडी ट्रॅकवर उतरणार नाही, सरावासाठीसुद्धा नाही. 9 ऑक्टोबर 2020 रोजी जर्मनीत न्यूरबुर्गरिंग येथे धुक्यामुळे वैद्यकीय हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते, म्हणून फॉर्म्युला वनची त्या दिवसाची दोन्ही सराव सत्रे रद्द झाली. गाड्या, चालक, प्रक्षेपण, सगळे तयार होते; रुग्णाला वेळेत रुग्णालयात नेता येणार नाही, एवढे एक कारण पुरले. जगातल्या सर्वांत खर्चिक शर्यतीला जे मान्य करावे लागते, ते जिल्ह्याच्या शर्यतीला मान्य करायला लावण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

याच नियमातून रुग्णवाहिकांचा हिशेब आपोआप निघतो. दोनच असल्या आणि एक रुग्णाला घेऊन गेली, तर ती परत येईपर्यंत शर्यत थांबेल. दुसरी प्रेक्षकांतल्या कोणासाठी गेली तर काहीच उरत नाही. स्पर्धकांसाठी दोन सुसज्ज, प्रेक्षकांसाठी निदान एक सुसज्ज आणि एक साधी, म्हणजे एकंदर चार, यापेक्षा कमीत वीस हजारांच्या गर्दीची जबाबदारी मी घेत नाही. महाराष्ट्रात 2014 पासून चालू असलेल्या 108 सेवेच्या गाड्या या हिशेबात धरू नयेत. त्या जिल्ह्यातल्या बाळंतिणींसाठी, सर्पदंशासाठी, महामार्गावरच्या अपघातांसाठी आहेत. त्यांच्या समन्वयकांना शर्यतीची तारीख आणि जागा कळवून ठेवा, म्हणजे मोठी दुर्घटना झालीच तर त्यांना शून्यापासून समजावून सांगावे लागणार नाही.

स्पर्धक आणि प्रेक्षक यांच्यासाठी दोन स्वतंत्र पथके लागतात, ही गोष्ट आयोजकांना बहुतेक वेळा पटत नाही. त्यांच्या मनात डॉक्टर म्हणजे ट्रॅकशेजारी उभा असलेला डॉक्टर असतो. प्रत्यक्षात त्या दिवशी तुमच्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेक प्रेक्षक असतात. मोठ्या मेळाव्यांत साधारणपणे दर हजार माणसांमागे एक-दोन जण वैद्यकीय मदतीला येतात, आणि ऊन, धूळ व उभे राहून काढलेला दिवस यांनी हे प्रमाण वाढते. वीस हजारांच्या गर्दीत वीस ते चाळीस रुग्ण धरून चाला. ट्रॅकवरचे पथक त्यांच्यात गुंतले, तर ज्या क्षणी स्पर्धक पडेल त्या क्षणी त्याच्यापाशी कोणी नसेल.

आधी ट्रॅकचे पाहू. सुपरक्रॉसमध्ये गुडघा, मनगट आणि गळपट्टीचे हाड यांच्या दुखापती रोजच्या. जिवावर बेततात त्या डोके, मान, छाती आणि हँडलचे टोक पोटात घुसल्याने यकृत किंवा प्लीहा फाटण्याच्या. शेवटची दुखापत फसवी असते, कारण मुलगा उठून चालत येतो, बरगडीखाली दोन बोटांएवढा गोल व्रण दिसतो आणि अर्ध्या तासाने नाडी 130 होते. असा व्रण दिसला की त्या स्पर्धकाला घरी जाऊ देऊ नका; तंबूत पोर्टेबल सोनोग्राफी असेल तर ती पुन्हापुन्हा करा आणि नसेल तर सरळ रुग्णालयात पाठवा.

पडलेल्या स्पर्धकाकडे धावण्यापूर्वी एक शिस्त पाळावी लागते. उंचवट्यावरून उडी मारून येणाऱ्या दुचाकीस्वाराला पलीकडे काय आहे ते हवेत असताना दिसत नाही. म्हणून उडीच्या उताराच्या बाजूला पडलेला माणूस आणि त्याच्यावर वाकलेला डॉक्टर, दोघेही सारख्याच धोक्यात असतात. मार्शलचा, म्हणजे ट्रॅकशेजारी झेंडा घेऊन उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा, पिवळा झेंडा वर हलतो आहे आणि रेस कंट्रोलने, म्हणजे शर्यतीच्या नियंत्रण कक्षाने, तुम्हाला आत सोडले आहे, या दोन गोष्टी झाल्याशिवाय पाऊल टाकू नका. पडलेला स्पर्धक हलत नसेल, किंवा त्याला जागेवरच हाताळावे लागेल असे वाटले, तर वॉकीटॉकीवर लाल झेंडा, म्हणजे शर्यत थांबवण्याचा इशारा, मागा. मी कधीही विनाकारण लाल झेंडा मागितल्याचा पश्चात्ताप केलेला नाही. उशिरा मागितल्याचा एकदा केला आहे.

हेल्मेट काढण्याचे कौशल्य वाचून येत नाही, म्हणून ते सविस्तर सांगते. एक जण रुग्णाच्या डोक्यामागे गुडघे टेकून बसतो आणि दोन्ही तळहात हेल्मेटच्या कडांवर, बोटे जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचतील अशी ठेवून डोके स्थिर धरतो. दुसरा बाजूने येऊन गॉगल काढतो, रुग्णाला नावाने हाक मारतो (स्पर्धकांची यादी क्रमांकासह खिशात असायलाच हवी), श्वास पाहतो आणि हनुवटीखालचा पट्टा सोडतो किंवा कात्रीने कापतो. बऱ्याच नव्या हेल्मेटांत गालाच्या गाद्या खालून ओढून काढता याव्यात म्हणून लाल पट्ट्या असतात. त्या आधी ओढल्या तर हेल्मेट अर्धे सैल होते. मग हा दुसरा माणूस एक हात मानेमागे डोक्याच्या खोबणीपर्यंत आणि दुसरा हनुवटीवर ठेवून मानेचा भार स्वतःकडे घेतो आणि ‘मान माझ्याकडे’ असे मोठ्याने म्हणतो. ते शब्द ऐकल्यावरच पहिला हेल्मेटच्या कडा बाहेर ताणून, नाकाला अडकू नये म्हणून किंचित मागे झुकवत, हळूहळू काढतो. काढलेले हेल्मेट रुग्णाबरोबर रुग्णालयात गेले पाहिजे, कारण त्यावरची खोक कुठे आहे आणि किती खोल आहे यावरून मेंदूशल्यविशारदाला पुष्कळ समजते. हा सराव दहा-बारा वेळा एकमेकांवर केल्याशिवाय तुमच्या पथकातल्या कोणालाही ट्रॅकच्या आत पाठवू नका.

आणि ट्रॅकवर जाणारा डॉक्टर श्वासमार्ग हाताळणारा असावा. 10 नोव्हेंबर 1995 रोजी ॲडलेड येथे मिका हॅकिनेनची गाडी टायर फुटून भिंतीवर आदळली, तेव्हा तिथे स्वयंसेवक म्हणून उभ्या असलेल्या डॉक्टरांनी ट्रॅकच्या कडेलाच त्याच्या गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडला. तो वाचला आणि पुढे 1998 व 1999 या दोन्ही वर्षी जगज्जेता झाला. असा प्रसंग एखाद्याच्या अख्ख्या कारकिर्दीत एकदाही येणार नाही, पण तो आला तर धुळीत गुडघ्यावर बसून, हेल्मेटधारी गर्दीच्या मधोमध, दोन मिनिटांत निर्णय घेणारे हात लागतात. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांना या कामावर एकटे उभे करणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे. भूलतज्ज्ञ किंवा आपत्कालीन वैद्यकशास्त्रातला अनुभवी डॉक्टर मागा आणि मिळाला नाही तर तसे आयोजकांना लिहून कळवा.

उपचार जागेवर किती करायचे, याबाबत माझे मत कालांतराने कमीकडे झुकत गेले आहे. श्वासमार्ग, ऑक्सिजन, बाहेरून दिसणाऱ्या रक्तस्रावावर दाब किंवा टुर्निके (हातापायाला आवळून बांधायचा पट्टा), ओटीपोटाच्या हाडांवर पट्टा, मानेला आधार, वेदनेवर केटामिन आणि रक्तस्रावाची शंका असेल तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाचा एक ग्रॅम दहा मिनिटांत, एवढे झाले की निघावे. हे औषध दुखापतीनंतर तीन तासांच्या आत दिले तरच उपयोगी पडते, हे 2010 साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-2 या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीतून पुढे आले. त्या चाचणीत भारतातील रुग्णालयांचा मोठा वाटा होता. सलाईनच्या बाटल्या मात्र ओतत बसू नका. कोणत्या रुग्णालयात न्यायचे हेही आधी ठरलेले हवे आणि सर्वांत जवळचे रुग्णालय हे त्याचे उत्तर असेलच असे नाही : सीटी स्कॅन, मेंदूशल्यविशारद, रक्तपेढी आणि रविवारी दुपारी उघडे असणारे शस्त्रक्रियागृह या चार गोष्टी जिथे आहेत, तिथे दूरध्वनी करून त्या दिवशी कोण कामावर आहे त्याचे नाव लिहून घ्या.

डोक्याला हादरा बसलेल्या स्पर्धकाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण तिथे दडपण वैद्यकीय नसते, माणसांचे असते. एका शर्यतीत सोळा वर्षांचा मुलगा पडला, स्वतः उठला, चालत तंबूत आला. एकही जखम नव्हती. त्याने मला विचारले, “मॅडम, माझी हीट कितवी?” (हीट म्हणजे प्राथमिक फेरी.) मी सांगितले. दीड मिनिटाने त्याने तेच विचारले. मी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा त्याचे वडील शेजारी उभे होते आणि म्हणत होते की तो ठीक आहे, वर्षभराचा खर्च या शर्यतीवर केला आहे, दहा मिनिटे विश्रांती घेतली की उतरेल. मी त्याच्या हेल्मेटवरचा तपासणीचा शिक्का काढून घेतला आणि त्यांना शांतपणे एवढेच सांगितले की आज तो उतरणार नाही. कन्कशनची, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याची, शंका आली तर त्या दिवशी पुन्हा शर्यत नाही, हा आता सर्व खेळांत मान्य झालेला नियम आहे, आणि तो सकाळच्या सभेत सर्व पालकांसमोर, कोणी पडण्याआधी, आयोजकांच्या तोंडून सांगून घ्यावा. नंतर तोच नियम सांगितला की तो त्यांच्या मुलाविरुद्धचा निर्णय वाटतो.

आता प्रेक्षक. एप्रिलमधला माळ आणि दुपारची वेळ, म्हणजे तुमचा मुख्य शत्रू ऊन. सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी (दुचाकींच्या जागतिक मालिकेतली शर्यत) झाली, तेव्हा उष्म्यामुळे मुख्य शर्यतीच्या फेऱ्या 24 वरून 21 कराव्या लागल्या, आणि तरीही दुसरा आलेला होर्खे मार्टिन शर्यतीनंतर शरीरातील पाणी कमी होऊन कोसळला. जगातल्या अत्यंत तंदुरुस्त खेळाडूंची ही गत, तर सकाळी आठपासून पत्र्यावर बसलेल्या मधुमेही गृहस्थांची काय होत असेल, याचा विचार करा. पिण्याचे पाणी फुकट आणि हाताच्या अंतरावर असावे, ही वैद्यकीय मागणी आहे, सोय नव्हे; बाटल्या विकणाऱ्यांच्या भरवशावर ती सोडू नका. सावलीचे मांडव, ओआरएसची पाकिटे आणि दुपारी बारा ते साडेतीन या वेळेत मोठी विश्रांती, हेही पत्रात लिहा.

उष्माघाताची खूण म्हणजे शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर आणि त्याबरोबर बरळणे, झटके किंवा बेशुद्धी. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो, आणि काखेतल्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नये. गुदमार्गातून तापमान घ्यावे. अशा रुग्णाला तापाची गोळी किंवा इंजेक्शन देऊन काही होत नाही. त्याला आधी गार करायचे आणि मग हलवायचे, या क्रमात बदल करू नका. आमच्याकडे यासाठी एक ताडपत्री, पाण्याचा टँकर आणि बर्फाच्या लाद्या एवढेच सामान असते. रुग्णाला ताडपत्रीवर निजवायचे, सहा जणांनी कडा उचलून तिची डोणी करायची, तीत गार पाणी आणि फोडलेला बर्फ ओतायचा आणि डोके वर धरून पाणी सतत हलवत राहायचे. तापमान 39 अंशांच्या खाली येईपर्यंत, म्हणजे साधारण वीस-पंचवीस मिनिटे, हे चालू ठेवावे लागते. बर्फ सकाळी दहालाच भुशात झाकून तंबूत आणून ठेवा. दुपारी तो गर्दीतून आणता येत नाही.

छातीत दुखणे आणि हृदय बंद पडणे हे संख्येने थोडे, पण इथे मिनिटांचा हिशेब सर्वांत कठोर आहे : डिफिब्रिलेटर या यंत्राने छातीवर विजेचा झटका न देता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. गर्दीतून स्ट्रेचर आणायला आठ मिनिटे लागत असतील तर तंबूतला उत्तम डिफिब्रिलेटर निरुपयोगी आहे. म्हणून स्वयंचलित डिफिब्रिलेटर पाठीवरच्या पिशवीत घेऊन दोघादोघांच्या जोड्या गर्दीतच फिरत्या ठेवा आणि प्रेक्षकांच्या जागेचे मोठ्या अक्षरांतल्या फलकांनी भाग पाडा. ‘चहाच्या टपरीपाशी कोणीतरी पडलंय’ या निरोपावर माणूस सापडत नाही, कारण टपऱ्या चार असतात. ‘भाग ग, दुसरा खांब’ म्हटले की सापडतो.

माळावर बसणाऱ्या गर्दीत विंचूदंश विसरू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून जे प्राण वाचवले, ते आपल्याच मातीतले ज्ञान आहे. त्या गोळ्या पेटीत असू द्या. धुळीने उफाळणाऱ्या दम्यासाठी नेब्युलायझर आणि तो चालवायला वीजही लागते.

सर्वांत कठीण भाग तो, जेव्हा गाडी स्वतःच प्रेक्षकांत शिरते. 21 एप्रिल 2024 रोजी श्रीलंकेत दियतलावा येथे फॉक्स हिल सुपरक्रॉसमध्ये एक मोटार ट्रॅक सोडून बाहेर गेली आणि सात जण मरण पावले. त्यांत ट्रॅकवर काम करणारे होते आणि आठ वर्षांची एक मुलगीही होती. अशा प्रसंगी डॉक्टर जे करू शकतो त्यातले मोठे काम आदल्या दिवशीच संपलेले असते. ट्रॅकभोवती चालताना वळणाच्या बाहेरच्या अंगाला आणि उडीच्या रेषेत जिथे जिथे माणसे उभी राहू शकतील, ती जागा रिकामी ठेवण्याचा आग्रह धरा, कारण सुटलेले वाहन तिथेच जाते. तिथून दिसते मात्र सर्वांत छान, म्हणून नुसत्या पट्टीने लोक अडत नाहीत.

तरीही घडलेच, तर पहिला डॉक्टर कोणावरही उपचार करत नाही. तो वर्गवारी करतो, आणि हे मनाला फार जड जाते. जे चालू शकतात त्यांना एका बाजूला बोलवा. उरलेल्यांत श्वास मिनिटाला तीसच्या वर, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधी सूचना समजत नाही, यांतले एकही असेल तर लाल पट्टी (सर्वांत तातडीचा), श्वासमार्ग उघडूनही श्वास नसेल तर काळी (मृत), बाकी पिवळी (थोडे थांबू शकणारा). एका माणसामागे अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबायचे नाही. आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास होते : लोक जखमींना स्वतःच टेम्पोत, मोटारसायकलवर मधे बसवून जवळच्या दवाखान्यात नेतात. त्यामागे माया असते आणि ती अडवता येत नाही. पण त्यामुळे जवळचा दवाखाना किरकोळ जखमींनी भरतो आणि मागून लाल पट्टीचा रुग्ण आला की त्याला जागा नसते. म्हणून किरकोळ जखमींसाठी मैदानावरच एक मांडव राखून ठेवा, जिल्हा रुग्णालयाला पहिल्या पाच मिनिटांत कळवा आणि कोणता रुग्ण कुठे गेला याची वही एकाच माणसाच्या हाती द्या. संध्याकाळी नातेवाईक त्या वहीपाशीच येणार आहेत.

या सगळ्याला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे वॉकीटॉकी. वीस हजार माणसे चित्रफिती पाठवू लागली की मोबाईल लागत नाही. वैद्यकीय पथकाला स्वतंत्र वाहिनी हवी, रेस कंट्रोलमध्ये तुमचा एक माणूस बसलेला हवा आणि निरोपाची भाषा ठरलेली हवी : जागा, स्पर्धक क्रमांक, शुद्धीवर आहे की नाही, काय पाहिजे. सूत्रसंचालकाला आधीच भेटून सांगा की अपघाताचे वर्णन लाऊडस्पीकरवर करायचे नाही. ते ऐकून गर्दी त्या दिशेला सरकते आणि वाट बंद होते.

शुक्रवारी संध्याकाळी, सराव संपल्यावर, पथकातल्या एकाला ट्रॅकच्या सर्वांत दूरच्या उडीपलीकडे निजवा आणि कोणालाही आगाऊ न सांगता निरोप द्या. मार्शल एका मिनिटात, डॉक्टर तीन मिनिटांत आणि रुग्ण स्कूप स्ट्रेचरवर बांधून पंधरा मिनिटांत फाटकाबाहेर, एवढे माझे स्वतःचे माप आहे. पहिल्या खेपेला ते जमत नाही. कुठे अडले ते लिहून घ्या आणि अंधार पडण्याआधी एकदा पुन्हा करा.

बक्षीस समारंभ सुरू झाला की आयोजक रुग्णवाहिका सोडू लागतात. त्याला मान्यता देऊ नका. दिवसभर उड्या बघितलेली शेकडो मुले त्या वेळी आपापल्या मोटारसायकलींवर, बहुतेक हेल्मेटशिवाय, त्याच कच्च्या वाटेने घरी निघतात, आणि दिवसातल्या सर्वांत वाईट जखमा मी त्या रस्त्यावर पाहिल्या आहेत. शेवटची शर्यत संपल्यानंतर निदान दीड तास एक सुसज्ज गाडी वैद्यकीय फाटकाशी आणि एक मुख्य रस्त्याच्या फाट्यावर उभी राहील, हे आयोजकांना पाठवायच्या पत्रात वेळेसकट लिहा.